बीएफए पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम : एक परीक्षण

मुलाने किंवा मुलीने चित्रकलेचीच पदवी घ्यायची ठरवली, की घरात पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. तो रास्त आहे. पण त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न बहुतेक घरांत राहून जातो : या पदवीच्या चार वर्षांत वर्गात नेमके काय करून घेतात, आणि त्यातले किती टिकाऊ असते? महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या ‘बॅचलर ऑफ फाइन आर्ट’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या बीएफए पदवीच्या अभ्यासक्रमाचे हे परीक्षण मुख्यतः रेखा व रंगकला शाखेपुरते आहे. मी याच शाखेतून ही पदवी घेतली असून प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना गेली बरीच वर्षे शिकवते आहे. महाविद्यालयांचे तपशील थोडेफार वेगळे असतात. येथे सांगितलेले बहुतेक ठिकाणी सापडेल.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. डोळा आणि हात घडवण्याच्या बाबतीत हा अभ्यासक्रम भरवशाचा आहे आणि त्याची जागा घेईल अशी दुसरी सोय आपल्याकडे नाही. मात्र चित्र का काढायचे, आधीच्यांनी ते का आणि कसे काढले, आणि आपल्या चित्राविषयी चार वाक्ये नीट कशी बोलायची व लिहायची, हे शिकवणारे तास वेळापत्रकात थोडे आहेत आणि जे आहेत ते उरकले जातात. चार वर्षांच्या पदवीला ही उणीव शोभणारी नाही.

या असमतोलाला इतिहास आहे. मुंबईत 1857 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जी कलाशाळा, म्हणजे आजचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, उभी राहिली, तिच्यामागचा हेतू इथल्या कारागिरीला आणि हस्तोद्योगांना वळण लावण्याचा होता. जॉन लॉकवुड किपलिंग 1865 मध्ये तेथे आले ते वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पे त्यांची. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या दगडी सजावटीतही या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागलेला आहे. काम हाताने करून शिकायचे, ही शिस्त तेव्हापासूनची. पुढे कित्येक पिढ्या ‘जी. डी. आर्ट’ ही पदविका घेऊनच बाहेर पडल्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 मध्ये ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली आणि कलाशिक्षण विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोहोचले, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले ते 1981 मध्ये, आणि 2023 मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पदविकेची पदवी झाली, पण वेळापत्रकाचा सांगाडा पुष्कळसा पदविकेच्याच दिवसांतला राहिला.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगायचे तर, शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट शाळेतच दिलेल्या असल्या तर उपयोग होतो, कारण तेथले स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे विषय राज्याच्या प्रवेश परीक्षेत वरच्या पातळीवर पुन्हा भेटतात. या सीईटीत वस्तुचित्रण, संकल्प, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे चार भाग असतात. ती पार पडली की खरी सुरुवात पहिल्या वर्षाच्या मूलभूत अभ्यासक्रमाने, म्हणजे फाउंडेशनने होते. चार वर्षांपैकी सर्वांत मोलाचे वर्ष कोणते, असे मला कोणी विचारले तर मी याच वर्षाकडे बोट दाखवीन.

फाउंडेशनला चित्रकार, शिल्पकार आणि उपयोजित कलेकडे जाणारे विद्यार्थी बहुधा सारख्याच विषयांतून जातात : वस्तुचित्रण, निसर्गातील घटकांचे रेखाटन, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), रंगसिद्धान्त, द्विमितीय व त्रिमितीय संकल्प, मुद्राचित्रणाची (प्रिंटमेकिंगची) ओळख आणि अक्षरलेखन. अशा सामाईक पायाभूत वर्गाची कल्पना जगभर रुजली ती जर्मनीत वायमार येथे 1919 मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेमुळे. तेथे योहानेस इटेन यांनी नवोदितांसाठी सुरू केलेल्या प्राथमिक वर्गात साहित्य, पोत, रंग आणि आकार यांचे सुटे सुटे अभ्यास करून घेतले जात. आपल्याकडे त्यात ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेल्या रेखाटनाच्या शिस्तीची भर पडली आणि दोन्हींचे मिश्रण झाले. ते मिश्रण उत्तम आहे.

वस्तुचित्रणाचेच पाहा. समोर स्टुलावर तांब्याची घागर, शेजारी एक खोका आणि मागे सोडलेला कापडाचा पडदा. अर्धा इम्पिरियल, म्हणजे सुमारे 15 बाय 22 इंचांचा कागद बोर्डावर लावलेला. बारावीपर्यंत चित्रकलेत पहिला नंबर मिळवलेला विद्यार्थीही येथे एक ठरलेली चूक करतो : घागरीचे तोंड तो लंबवर्तुळाकार काढतो, आणि घागर सपाट पृष्ठभागावर टेकली आहे हे माहीत असल्यामुळे तिचा तळ जवळजवळ सरळ रेषेत काढतो. डोळ्यांच्या पातळीपासून एखादे वर्तुळ जितके खाली जाते तितके ते अधिक उघडे दिसते, म्हणून तळाची वक्ररेषा तोंडाच्या वक्ररेषेपेक्षा जास्त गोल यायला हवी. हा नियम यथार्थदर्शनाच्या तासाला फळ्यावर सांगितलेला असतो आणि वहीत उतरवूनही घेतलेला असतो, तरीही तो हातात उतरायला कित्येक कागद खर्ची पडतात. माहीत असलेले बाजूला ठेवून दिसणारे काढायचे, ही सवय चित्रकाराला जन्मभर पुरते, आणि ती लावण्यासाठी घागरीपेक्षा महागडे साधन लागत नाही. यासोबत शिकवली जाणारी दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. घागर आणि खोका यांच्यामध्ये उरलेल्या पोकळीचा आकार आधी काढला, तर दोन्ही वस्तू आपोआप योग्य जागी बसतात. चांगले अध्यापक ‘करेक्शन’ देताना विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतः रेघ ओढत नाहीत. बाजूच्या कोऱ्या पट्टीत छोटेसे रेखाटन करून फरक दाखवतात आणि विद्यार्थ्याला पुन्हा मोजायला लावतात.

रंगसिद्धान्ताचा तास अनेकांना कंटाळवाणा वाटतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या छटांची पट्टी, मग एकाच रंगाच्या उतरत्या छटा, मग पूरक रंग एकमेकांत मिसळून मारलेले करडे, असे सगळे पोस्टर कलरमध्ये सपाट, ब्रशची रेघ न दिसता भरायचे असते. मनगट दुखते आणि पाण्याचे प्रमाण जरा चुकले की पट्टीवर ढग उमटतात. तरीही या तासाची मी ठामपणे बाजू घेईन. पिवळा मुळातच उजळ आणि जांभळा मुळातच गडद असतो, त्यामुळे दोघांची छटा एका पातळीवर आणायची तर दोघांनाही आपले तेज काही प्रमाणात सोडावे लागते. हे ज्याने स्वतः ब्रशने करून पाहिले, तो पुढे तैलरंगात चेहऱ्याची सावली रंगवताना सरसकट काळा मिसळत नाही.

अक्षरलेखनाचा विषय चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना अनावश्यक वाटतो आणि काही महाविद्यालयांतही त्याकडे तसेच पाहिले जाते. बोरू हातात धरून देवनागरीचा ‘अ’ गिरवताना जाड-बारीक रेषेचा जो हिशेब कळतो, तो रेखाटनातही कामी येतो. शिवाय देवनागरी अक्षरांचे वळण हा आपल्या दृश्यसंस्कृतीचा भाग आहे. जे. जे. मध्ये शिकलेल्या र. कृ. जोशी यांनी पुढे संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला, हे विद्यार्थ्यांना निदान सांगितले तरी जावे. या विषयाला अधिक तास हवेत.

दुसऱ्या वर्षापासून शाखा वेगळ्या होतात आणि रेखा व रंगकलेच्या विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ माणसाच्या आकृतीवर जातो. आधी प्लास्टरच्या प्रतिकृती, मग जिवंत मॉडेलचे मस्तक, मग अर्धाकृती आणि पूर्णाकृती, असा चढता क्रम असतो. ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून छायाभेदाचा अभ्यास करण्याची पद्धत ब्रिटिश कलाशाळांकडून आली, आणि जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग मुंबईत पहिल्या महायुद्धानंतर जे. जे. चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत रूढ झाला. प्लास्टरचा टप्पा कालबाह्य झाला आहे, असे अलीकडे अनेक जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. प्लास्टर पांढरे असते, त्याला त्वचेचा रंग नसतो आणि ते हलत नाही. त्यामुळे प्रकाश कुठे वळतो, उजेडाच्या आणि सावलीच्या सीमेवरचा सर्वांत गडद पट्टा कुठे पडतो आणि सावलीच्या आत परावर्तित प्रकाश किती मंद असतो, हे तिथे निवांतपणे पाहता येते. त्यानंतर जिवंत चेहऱ्याकडे वळलेला विद्यार्थी गोंधळत नाही. मात्र प्रतिकृती केवळ ग्रीक-रोमन का असाव्यात, हा प्रश्न उरतोच. घारापुरीच्या त्रिमूर्तीचे किंवा एखाद्या गांधार बुद्धाचे मस्तक त्याच अभ्यासासाठी तितकेच उपयुक्त ठरेल, आणि पुढे भारतीय कलेच्या इतिहासाच्या तासाला त्याची ओळख आधीच झालेली असेल.

व्यक्तिचित्रणाचे वर्ग हे आपल्याकडच्या अभ्यासक्रमाचे बलस्थान आहे, आणि त्यामागे महाराष्ट्राची मोठी परंपरा उभी आहे. म. वि. धुरंधर, सा. ल. हळदणकर, म. रा. आचरेकर यांच्यापासून चालत आलेली प्रात्यक्षिकाची प्रथा आजही अनेक महाविद्यालयांत टिकून आहे : ज्येष्ठ चित्रकार सर्वांसमोर मॉडेल बसवून दीड-दोन तासांत चेहरा रंगवतो आणि विद्यार्थी भोवती दाटीवाटीने उभे राहून पाहतात. पहिल्या दहा मिनिटांत तो कवटीचा मोठा आकार, मानेचा कल आणि उजेड-सावलीचे दोन ढोबळ गट एवढेच ठरवतो. डोळे, नाक, ओठ यांना हातही लावत नाही. नवख्या विद्यार्थ्याची सुरुवात नेमकी डोळ्यांपासून होते, आणि डोळे कपाळात फार वर काढले जातात, कारण डोळ्यांची रेषा मस्तकाच्या साधारण मध्यावर असते यावर त्याचा विश्वासच बसत नाही. असे एक प्रात्यक्षिक नीट पाहिले तर पुस्तकातले कितीतरी धडे एकदम उलगडतात. ज्या महाविद्यालयात वर्षभरात अशी प्रात्यक्षिके होतात आणि अध्यापक स्वतः वर्गात रंग घेऊन बसतात, ते महाविद्यालय निवडावे.

निसर्गचित्रणाचे मात्र निराळे आहे. त्याचे तास कागदावर असतात, पण विद्यार्थ्यांना बाहेर नेणारे अध्यापक कमी झाले आहेत, आणि भ्रमणध्वनीवर टिपलेल्या छायाचित्रावरून जलरंगातले निसर्गचित्र वर्गात बसून पुरे करण्याची सवय वाढली आहे. जलरंगात पांढरा उजेड हा कागदाचाच राखलेला पांढरा असतो. हळदणकरांचे हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे जे चित्र मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, ते जलरंगातले आहे हे कळल्यावर आजही विद्यार्थी चकित होतात. उजेड राखून ठेवण्याचा हा निर्णय उन्हात बसून, सावली सरकत असताना घ्यावा लागतो. छायाचित्रात तो कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो. कोल्हापूरच्या महाविद्यालयांत बाहेर जाऊन रंगवण्याची रीत अजून चांगली टिकून आहे. निसर्गचित्रकार आबालाल रहिमान यांच्या गावाला ते साजेसेच आहे.

मुद्राचित्रणाविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अभ्यासक्रमातला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित असा हा विषय आहे. पहिल्या वर्षी लिनोवर किंवा लाकडावर कोरून छाप घेतात, पुढच्या वर्षांत धातूच्या पत्र्यावरचे अम्लरेखन येते. जस्ताच्या पत्र्याच्या कडा कानशीने तिरक्या घासायच्या, नाहीतर प्रेसखाली त्या कागद फाडतात. पत्र्यावरचा तेलकटपणा खडूच्या भुकटीने घालवायचा, मग त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा आणि तो सुकल्यावर सुईने रेघा ओढायच्या. जिथे सुई फिरली तिथे धातू उघडा पडतो. पाण्यात नायट्रिक आम्ल मिसळून, म्हणजे आम्ल पाण्यात ओतून, कारण उलटे केले तर ते उसळते, त्यात पत्रा बुडवला की उघड्या रेषांवर बारीक बुडबुडे जमू लागतात. ते पिसाने हळूच बाजूला सारावे लागतात, नाहीतर रेघ एकसारखी खोल होत नाही. पत्रा जितका वेळ आम्लात राहील तितकी रेघ खोल, आणि छापात तितकी काळी. पहिली खोली गाठल्यावर काही रेषा वार्निशने झाकून बाकीच्या पुन्हा आम्लात सोडल्या, तर एकाच पत्र्यातून पुसट धुक्यापासून दाट काळोखापर्यंतच्या छटा निघतात. शेवटी थर पुसून, रेषांत शाई भरून, वरची शाई मलमलीच्या फडक्याने टिपून, ओलसर कागद आणि त्यावर नमदा घालून पत्रा प्रेसमधून फिरवायचा. कागद उचलला की चित्र उलट्या दिशेने उमटलेले दिसते, आणि डावे-उजवे बदलल्याने रचनेतले दोष तत्काळ उघडे पडतात.

या एका विषयात रसायन, शिस्त, संयम आणि रेखाटन एकत्र येतात. चित्राच्या एकमेव प्रतीविषयीचा अट्टाहासही तिथे सैल होतो, कारण छापाच्या अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालून चित्रकार सही करतो. बडोद्याला आणि शांतिनिकेतनला मुद्राचित्रणाला जे मानाचे स्थान मिळाले, ते आपल्याकडे अजून मिळालेले नाही. जिथे मी शिकले तिथे प्रेस होते, पण शाई आणि आम्ल यांचा पुरवठा परीक्षेच्या तोंडावर व्हायचा, आणि हवा खेळती ठेवणारा पंखा कित्येक महिने बंद असायचा. आम्लाच्या वाफांत काम करताना खेळती हवा आणि हातमोजे यांची सक्ती असायला हवी. तो विद्यार्थ्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. महाविद्यालय पाहायला जाणाऱ्या पालकांनी सभागृहापेक्षा आधी मुद्राचित्रणाची कार्यशाळा पाहावी, असे माझे सांगणे आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात रचनाचित्राला, म्हणजे कॉम्पोझिशनला, सर्वाधिक महत्त्व येते. येथे अभ्यासक्रम प्रथमच विद्यार्थ्याला विचारतो की तुला काय सांगायचे आहे, आणि येथेच तो विद्यार्थ्याला एकटा सोडतो. बाजार, सण, रेल्वे स्थानक, बांधकामावरचे मजूर असे विषय दिले जातात, विद्यार्थी रेखाटने जमवतो, आकृत्या त्रिकोणात किंवा वक्ररेषेत बसवतो, रंगसंगती ठरवतो, आणि वार्षिक प्रदर्शनात एकाच विषयावरची बरीचशी चित्रे एकमेकांची भावंडे वाटतात. दोष विद्यार्थ्यांच्या प्रतिभेचा नाही. तीन वर्षे त्यांना ‘कसे’ विचारायला शिकवले, ‘का’ विचारायला नाही. चौथ्या वर्षी अचानक स्वतःची शैली मागितली, तर ती येणार कुठून? मग मागच्या वर्षी बक्षीस मिळालेल्या चित्राचा पोत आणि जाहीर प्रदर्शनांत खपणाऱ्या चित्रांची रंगसंगती उसनी घेतली जाते.

कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र यांचे तास हा माझ्या तक्रारीचा गाभा आहे. लेखी परीक्षेसाठी सिंधू संस्कृतीपासून मौर्य, गुप्त, अजिंठा, लघुचित्रे, आणि पाश्चात्त्य बाजूला गुहाचित्रांपासून प्रबोधनकाळ, दृक्प्रत्ययवाद, घनवाद असा प्रचंड विस्तार आठवड्याच्या मोजक्या तासांत संपवायचा असतो. परिणामी तो टिपणांतून पाठ केला जातो. ‘रूपभेदाः प्रमाणानि भावलावण्ययोजनम्’ हा षडंगांचा, म्हणजे चित्रकलेच्या सहा अंगांचा, श्लोक बीएफएच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. तो कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेतला, हेही त्याला सांगता येते. पण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहून, यातले ‘लावण्ययोजन’ म्हणजे नेमके कोणती रेषा, आणि ‘वर्णिकाभंग’ हे रंगकामाचे अंग भिंतीवर कुठे दिसते, असे आमच्या सहलीत आम्हाला कोणी विचारले नाही. सहल झाली, रेखाटने झाली, सामूहिक छायाचित्र झाले.

याच अजिंठ्याशी मुंबईच्या कलाशाळेचे नाते किती जवळचे आहे! तेथले अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली जे. जे. चे विद्यार्थी 1872 पासून कित्येक हंगाम त्या लेण्यांत राहून भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा नष्ट झाल्या. हा प्रसंग इतिहासाच्या तासाला सांगितला, भित्तिचित्राच्या तासाला माती, वनस्पतींचे तंतू आणि वरचा चुन्याचा पातळ थर देऊन तशी भिंत तयार करून घेतली, कोरड्या पृष्ठभागावर खनिज रंग कसा बसतो ते पाहिले, आणि मग लेण्यांत नेले, तर तीन वेगळे विषय एकाच अनुभवात जोडले जातील. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. लागते ते इतिहासाचे अध्यापक आणि चित्रकलेचे अध्यापक यांनी एका टेबलाशी बसून सत्राचे नियोजन करणे.

बडोद्याचे उदाहरण येथे टाळता येत नाही. तेथे कलेतिहास व सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या अध्यापकांनी चित्र काढणे आणि चित्राविषयी विचार करणे ही एकाच कामाची दोन अंगे मानली, आणि सुब्रमण्यन यांनी तर लेखनही विपुल केले. इंदूरहून आलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या बेंद्र्यांनी बडोद्यात ही घडी बसवली आणि महाराष्ट्रातून आजही कितीतरी मुले तिकडे जातात, यातून आपण काही घ्यायला हवे. मुंबईकडेही वैचारिक परंपरा नव्हती असे नाही. शंकर पळशीकर यांचे अध्यापन त्याच जातीचे होते, आणि 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला तो याच शहरात. पण शिकवणे संपता संपता सत्र संपते, आणि स्वातंत्र्यानंतरची भारतीय कला पुष्कळदा शेवटच्या घाईच्या व्याख्यानात गुंडाळली जाते. वासुदेव गायतोंडे आणि प्रभाकर बरवे दोघेही जे. जे. चेच विद्यार्थी, त्यांच्या चित्रांपुढे उभे राहून काय पाहायचे, हे जे. जे. च्याच परंपरेतल्या विद्यार्थ्याला कळू नये, याची मला मनापासून खंत वाटते.

भाषेची अडचणही येथेच भेडसावते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा हात उत्तम असतो, आणि इतिहासाच्या पेपरात तो मागे पडतो, कारण संदर्भ जवळजवळ सगळे इंग्रजीत. मराठी विश्वकोशातल्या कलाविषयक नोंदी चांगल्या आहेत आणि विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या अधिकृत वाचनयादीत का नसाव्यात? आपल्या चित्राविषयी मराठीत दोन पाने लिहिण्याची सक्ती दुसऱ्या वर्षापासून केली, तर चौथ्या वर्षीचा प्रबंध इकडून तिकडून उतरवलेला राहणार नाही.

मूल्यमापन बहुतांशी सबमिशनवर चालते. ठरलेल्या संख्येची कामे, ठरलेल्या तारखेला, माउंट करून. या पद्धतीमुळे कामाची सवय लागते, हे मान्य करायला हवे. व्यवसायात मुदत पाळणारा चित्रकार याच सवयीवर उभा असतो. पण संख्या पुरी करण्याच्या धावपळीत शेवटच्या आठवड्यातल्या रात्री जागून केलेली कामे शिकण्याच्या दृष्टीने वाया जातात. कामांची संख्या कमी करून प्रत्येक कामावर वर्गासमोर चर्चा ठेवली, तर गुणांची छाननीही अधिक न्याय्य होईल. वार्षिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भिंतीवर काम लावणे, दोन चित्रांमध्ये अंतर राखणे, प्रकाश जुळवणे हे जे शिकायला मिळते, ते मात्र फार उपयोगाचे आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या आणि राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागासाठी काम पाठवायची तयारीही तिथेच होते.

खर्चाचे नियोजन आधी करावे. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत बरेच कमी असते, पण कॅनव्हास, तैलरंग, ब्रश आणि जस्ताचे पत्रे यांचा खर्च चारही वर्षे चालू राहतो आणि शुल्काच्या पत्रकात तो दिसत नाही. पहिल्या वर्षी महागडे रंग घेऊ नयेत. पैसे द्यायचेच असतील तर चांगल्या ब्रशना आणि जाड कागदाला द्यावेत, कारण हलका कागद पाण्याने फुगतो आणि त्यावर केलेला सराव फुकट जातो.

पदवीनंतरच्या वाटांबद्दलही स्पष्ट माहिती हवी. शाळेत कलाशिक्षक व्हायचे असेल तर ए.टी.डी.सारखी (आर्ट टीचर डिप्लोमा) शिक्षकी पदविका वेगळी करावी लागते, एवढी साधी गोष्टही अनेक कुटुंबांना चौथ्या वर्षी कळते. महाविद्यालयीन अध्यापनासाठी एमएफए आणि पुढे नेट. जाहिरात, प्रकाशन आणि संगणकीय रचना यांकडे ज्याचा ओढा आहे, त्याने पहिल्या वर्षाच्या अखेरीस उपयोजित कलेचीच निवड करावी. चित्रकलेत राहून दोन वर्षांनी हळहळण्यापेक्षा ते बरे. चित्रपट आणि नाट्यक्षेत्रातल्या कलादिग्दर्शनाकडे दोन्ही शाखांतून जाता येते, आणि तिथे यथार्थदर्शनाचा पक्का पाया असलेल्यांना काम लवकर मिळते.

ज्याला रोज सहा-सात तास उभे राहून काम करण्याची आवड आहे आणि आपले चित्र चारचौघांत चुकीचे ठरलेले ज्याला सहन होते, अशा विद्यार्थ्याने हा अभ्यासक्रम निःशंक घ्यावा. इतिहास आणि विचार यांची बाजू त्याने स्वतः भरून काढावी लागेल : मुंबईत असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि जहांगीरमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर येथल्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पहिल्याच महिन्यात जाऊन पुस्तकांची कपाटे कुलूपबंद आहेत की उघडी, आणि चित्रांची मोठी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती दिली जातात की नाही, हे पाहावे. दिली जात नसतील तर प्राचार्यांकडे वर्गाने मिळून लेखी मागणी करावी. शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांचा तो हक्क आहे.